लांब मानेचा साथीदार

सॅम्युएल पीप्स हा लंडनच्या नौदल कचेरीतला अधिकारी. दिवसभर जहाजांचे हिशेब तपासायचे आणि घरी आल्यावर लघुलिपीत रोजनिशी लिहायची, असा त्याचा क्रम होता. गाण्याबजावण्याचा शौक तर भलताच. २८ ऑक्टोबर १६६१ या दिवशी तो सेंट पॉलच्या आवारातल्या हंट नावाच्या कारागिराकडे गेला. आपलं ल्यूट त्यानं तिथं टाकलं होतं. दुरुस्तीला नव्हे, बदलून घ्यायला. धड तेच ठेवायचं, मान मात्र नवी बसवायची आणि त्याचा थिऑर्बो करायचा. काम झालं होतं. खर्च आला २६ शिलिंग. हंटनं वर सांगितलं, की हे वाद्य आता इंग्लंडातल्या कुठल्याही ल्यूटच्या तोडीचं झालं आहे, दहा पौंडांना मरण नाही. दहा पौंड म्हणजे त्या काळचे दोनशे शिलिंग! कारागीर गिऱ्हाइकाला असंच सांगणार, हे पीप्सला कळत नव्हतं असं नाही. पण तो खूश झाला, आणि तसं लिहूनही ठेवलं.

हातातलं चांगलं वाद्य मोडून त्याला दुसरी मान लावून घेण्याची ही काय हौस? पीप्स एकटाच असं करत नव्हता. इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, सगळीकडे त्या शंभर-सव्वाशे वर्षांत गवयांना आणि वादकांना थिऑर्बोची ओढ लागली होती. आणि पुढे ती अशी काही संपली, की हे वाद्य वाजवावं कसं हे सांगणारा एकही माणूस युरोपात उरला नाही. आज आपण पाहणार आहोत ती या वाद्याची गोष्ट.

नभोवाणीवर बोलायचं तर एक अडचण असते, वाद्य हातात धरून दाखवता येत नाही. तेव्हा असं करा, अरबांचा ऊद डोळ्यांपुढे आणा. ल्यूट हे त्याचंच युरोपातलं भावंड. उभा चिरलेल्या पेरूसारखं पोट, पण ते भोपळ्याचं नव्हे. लाकडाच्या अगदी पातळ पट्ट्या वाकवून, एकीला एक चिकटवून केलेलं. पुढून पातळ तबली, तिच्यावर कोरीव जाळी. आता हे पोट चांगलं मोठं करा. मानेवर तातेचे पडदे बांधा. मान संपते तिथं खुंट्या आल्या. ल्यूट असतं तर वाद्य इथं संपलं असतं. थिऑर्बो इथून आणखी वर जातो. त्याच मानेला पुढे दोन-तीन फुटांची दुसरी मान जोडलेली असते आणि तिच्या टोकाला खुंट्यांचा दुसरा संच. तिथून निघालेल्या खर्जाच्या तारा बोटांच्या पट्टीच्या बाजूनं थेट घोडीपर्यंत येतात. त्या डाव्या हातानं दाबायच्या नाहीत. प्रत्येक तार एकच स्वर देते, अंगठ्यानं छेडायची आणि घुमू द्यायची. साधारणपणे पट्टीवर सहा आणि बाहेर आठ, अशा चौदा तारा. सगळं मिळून वाद्य सहा फुटांच्या घरात, कधी त्याहूनही लांब; वाजवणाऱ्यापेक्षा उंच. वजन मात्र हातात घेतलं तर नवल वाटावं इतकं कमी.

एवढी लांबी कशासाठी? उत्तर तारेत आहे. त्या काळी ल्यूटच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या तातेच्या असत. तातेतून खोल स्वर काढायचा तर ती जाड करावी लागते, आणि जाड तात दोरीसारखी वाजते. ठक् असा आवाज येतो, नाद येत नाही. दुसरा मार्ग लांबीचा. जाडी तीच, ताण तोच आणि लांबी दुप्पट केली, की स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. आपल्या तंबोऱ्याला हा प्रश्न पडला नाही, कारण खर्जाची तार पितळेची. धातू जड, त्यामुळे बेताच्या लांबीतही खोल बोलतो. तातेवर धातूची बारीक तार गुंडाळायची युक्ती युरोपात निघाली, पण तिची पहिली छापील जाहिरात सापडते ती १६६४ साली, लंडनच्या प्लेफर्डच्या पुस्तकात. थिऑर्बो त्याच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधीचा. तोवर खर्ज हवा असेल तर मान लांब करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मोठेपणाची एक किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागली. पट्टीवरच्या ताराही लांब झाल्या. सर्वांत बारीक तार ठरल्या स्वरापर्यंत चढवू गेलं, की ती तुटे. मग वादकांनी सरळ उपाय केला: पहिली तार एक सप्तक खाली उतरवली, आणि पुढे दुसरीही. बोलोन्याचा अलेस्सांद्रो पिच्चिनीनी हा मोठा वादक. त्यानं १६२३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात हा सगळा प्रकार समजावून सांगितला आहे. परिणाम मोठा चमत्कारिक झाला. पहिली तार सर्वांत उंच स्वराची असावी हा ल्यूटचा नेम. इथं तिसरी तार सर्वांत उंच झाली. साधी सरगम वाजवायची तर बोटं एका तारेवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून चौथ्या, अशी उड्या मारत जातात. पण त्यामुळे एक स्वर विरायच्या आत शेजारच्या तारेवरचा दुसरा सुरू होतो आणि दोन्ही काही क्षण एकमेकांत मिसळून राहतात. देवळात एकामागून एक घंटा वाजाव्यात तसं काहीसं. आणि कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेल्या तीन-चार स्वरांचा मेळ, पुरुषाच्या आवाजाच्या पट्टीत, किंबहुना जरा खालीच पडतो. गाणाऱ्याच्या आवाजावर चढून बसेल असा स्वर या वाद्यात जवळजवळ नाहीच. अडचणीतून आलेली ही गोष्ट पुढे त्याचा सर्वांत मोठा गुण ठरली.

कारण हे वाद्य जन्मलं तेच मुळी गाणाऱ्याच्या शब्दांसाठी.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लोरेन्स शहरात जोव्हान्नी बार्दी या उमरावाच्या घरी काही विद्वान आणि संगीतकार जमत. त्यांत विन्चेन्झो गॅलिलेई होता. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्या गॅलिलिओचा बाप. तो स्वतः ल्यूटवादक. या मंडळींची तक्रार अशी होती, की चार-पाच गायक एकाच वेळी चार-पाच वेगवेगळ्या चाली गातात, शब्द एकमेकांवर आदळतात आणि कवितेचा अर्थ कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही. प्राचीन ग्रीक लोक एका आवाजात, वाद्याच्या हलक्या साथीवर गात, म्हणून त्यांचं गाणं माणसाला रडवी, हसवी, लढायला उठवी, असं त्यांचं म्हणणं. १५८१ साली गॅलिलेईनं या विषयावर एक जाडजूड संवादग्रंथ छापला. त्यात हाती आलेली मोजकी ग्रीक स्तोत्रं मूळ स्वरखुणांसकट दिली. पण त्या खुणा वाचायच्या कशा, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं, दुसऱ्या कुणालाही नव्हतं. म्हणजे ज्या ग्रीक संगीताचा एक स्वरही त्यांनी ऐकला नव्हता, त्याच्या जोरावर त्यांनी आपल्या काळातलं संगीत मोडीत काढायला घेतलं. मला या माणसांचं नेहमी कौतुक वाटत आलं आहे. पुरावा तोकडा होता, पण कान खरा होता. शब्द आधी की सूर आधी, हा वाद संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना काही नवा नाही.

१५८९ मध्ये फ्लोरेन्सच्या फेर्दिनांदो मेदिची याचं लग्न झालं. समारंभातल्या नाटकाच्या अंकांमधून जे भव्य संगीतप्रवेश झाले, त्यांत कितारोने नावाचं एक नवं वाद्य वाजलं. ग्रीकांच्या किथारा या वाद्यावरून ते नाव. मोठा किथारा असा अर्थ. मूळ किथारा दिसायला अगदी वेगळा, हातभर उंचीची एक चौकट. पण नावात ग्रीस आलं म्हणजे झालं! आंतोनिओ नाल्दी या दरबारी वादकाला या वाद्याचं श्रेय देतात. कितारोने आणि थिऑर्बो ही एकाच वाद्याची दोन नावं. जुन्या लिखाणात दोन्ही येतात, आणि त्यामुळे पुढे अभ्यासकांचा बराच गोंधळ उडाला.

लगेच १६०० साली याच मेदिची घराण्यातल्या मारीयाचं फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्याशी लग्न झालं आणि पित्ती राजवाड्यात याकोपो पेरी याचं ‘एउरिदीचे’ हे संगीतनाट्य रंगलं. पूर्ण स्वरूपात आज हाती असलेला हा सर्वांत जुना ऑपेरा. छापील प्रतीच्या प्रस्तावनेत पेरीनं आपल्या साथीदारांची नावं दिली आहेत, आणि ते पडद्यामागे बसून वाजवत होते असंही सांगितलं आहे. कितारोने वाजवत होता दोन गार्सिआ मोंताल्व्हो नावाचा एक सरदार. दोन वर्षांनी जुलिओ काच्चिनी या गायकानं आपली गाणी छापली, तेव्हा त्यानं तर स्पष्टच लिहिलं, की गळ्याच्या साथीला, विशेषतः पुरुषाच्या मधल्या-वरच्या पट्टीच्या आवाजाला, कितारोनेइतकं योग्य वाद्य दुसरं नाही.

पण ही साथ नेमकी काय होती, ते समजून घ्यायला मांतुआच्या दरबारात जावं लागेल. तिथं १६०७ मध्ये क्लाउदिओ मोंतेव्हेर्दीचा ‘ओर्फेओ’ झाला. कथा आपल्या सावित्रीच्या उलट बाजूची: मेलेल्या बायकोला परत आणायला नवरा पाताळात जातो. वाटेत नदी, नदीवर नावाडी, आणि नावाडी जिवंत माणसाला पलीकडे न्यायला तयार नाही. ओर्फेओपाशी शस्त्र नाही, फक्त गाणं आहे. इथं तो गातो. साऱ्या नाटकाचं वजन या एका गाण्यावर तोललेलं आहे. १६०९ साली या ऑपेराची स्वरलिपी छापली गेली, त्यात मोंतेव्हेर्दीनं गायकाची ओळ दोन प्रकारे दिली आहे: एक साधी आणि तिच्याखाली दुसरी, ताना-हरकतींनी भरलेली. दोन कडव्यांमध्ये व्हायोलिन काय वाजवतील, तेही स्वरास्वरानं लिहिलं आहे. आणि गाण्याखाली साथ कुणाची? लाकडी नळ्यांचा ऑर्गन आणि एक कितारोने, अशी सूचना आहे. कितारोनेसाठी स्वर किती दिले आहेत? खर्जाची एक ओळ. बास.

छापणाऱ्याचा हा निष्काळजीपणा नव्हे, ती रीतच होती. युरोपभर दीडशे वर्षं चाललेल्या या पद्धतीला बास्सो कंतिनुओ म्हणतात, म्हणजे अखंड खर्ज. संगीतकार सर्वांत खालची ओळ लिहून देई आणि वर कधीमधी आकडे टाकी. सहाचा आकडा असेल तर खर्जाच्या स्वरापासून सहावा स्वर मेळात घ्यायचा, अशा खुणा. बाकीचं वादकानं भरायचं: कॉर्ड जाड करायचा की दोनच स्वरांचा, एकदम छेडायचा की एकेक स्वर उलगडत न्यायचा, गायक श्वास घेतो तिथं काही करायचं की गप्प राहायचं. आपल्याकडे गवयाच्या मागे सारंगी किंवा पेटी चालते, तेव्हा तिनं काय वाजवायचं हे कुणी लिहून देत नाही. तो जाणतेपणा इथंही होता. फरक इतकाच, की आपला साथीदार गायकाच्या चालीमागून जातो, थिऑर्बोवाला चालीखालची जमीन तयार करतो.

१६०७ सालीच आगोस्तीनो आगात्सारी या सिएनाच्या संगीतकारानं अशा साथीवर एक छोटी पुस्तिका लिहिली. मला ती फार आवडते, कारण तीत तालमीच्या खोलीतला वैताग ऐकू येतो. वरच्या पट्टीचा गायक गात असेल तर साथीदारानं त्याच्या स्वरांवर जाऊ नये, तो स्वर झाकला जातो, असं तो बजावतो. सजावटीच्या वाद्यांनी एकमेकांसाठी थांबावं, जागा द्यावी. सगळ्यांनी एकदम, जो जास्त ओरडेल तो खरा, असं चिमण्यांसारखं करू नये! चारशे वर्षं झाली, पण कुठल्याही मैफलीच्या तालमीत हा सल्ला आजही खपेल.

थिऑर्बो नुसता साथीलाच बसला असं मात्र नाही. जोव्हान्नी जिरोलामो काप्सबर्गर हा जर्मन कुळातला, पण इटलीतच वाढलेला वादक. लोक त्याला ‘थिऑर्बोवाला जर्मन’ म्हणत. त्यानं १६०४ मध्ये व्हेनिसला कितारोनेच्या एकट्या वादनाचं पहिलं पुस्तक छापलं आणि पुढे रोममध्ये पोपच्या बार्बेरिनी घराण्याच्या आश्रयाला राहिला. त्याच्या टोकाता ऐकताना कधी कधी माणूस वाद्य जुळवता जुळवता विचार करतोय असं वाटतं, आणि मग एकदम धावायला लागतो.

इंग्लंडात हे वाद्य कसं आलं, याचा एक किस्सा सांगतात. इनिगो जोन्स या पुढे गाजलेल्या वास्तुकारानं १६०५च्या सुमारास इटलीहून थिऑर्बो आणला. डोव्हर बंदरावर अधिकाऱ्यांनी ते लांबलचक धूड पाहिलं आणि पोपच्या देशातून राजाला उडवून द्यायला आणलेलं हे यंत्र असणार, अशी त्यांची खात्री पटली. खरा असो वा नसो, किस्सा बेमालूम आहे. त्याच वर्षीच्या ५ नोव्हेंबरला पार्लमेंटखाली खरोखरच दारूची पिंपं सापडली होती. पीप्सच्या काळापर्यंत ही भीती कुणाला आठवतही नसणार. १६७६ मध्ये टॉमस मेस या केंब्रिजच्या गायकानं तर लिहिलं, की थिऑर्बो म्हणजे दुसरं काही नसून आपलं जुनं इंग्लिश ल्यूटच.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारी रोबेर द व्हिझे हा थिऑर्बो आणि गिटार वाजवी. दांजो या दरबाऱ्याच्या रोजनिशीत १६८६ साली नोंद आहे, की राजा रात्री पलंगावर पडला की द व्हिझे उशाशी बसून गिटार वाजवतो. त्याच्या थिऑर्बोच्या रचना मोठ्या संख्येनं ज्या हस्तलिखितात उरल्या, ते १६९९ साली सुरू झालेलं हस्तलिखित आज बेझांसों शहरात आहे. या रचना मी रात्रीच ऐकतो. बाहेरची रहदारी थांबल्याशिवाय त्यांतला खर्ज नीट कानी येत नाही.

आणि या शेवटच्या वाक्यातच वाद्याच्या अस्ताचं अर्धं कारण आलं. थिऑर्बोचा नाद खोल, पण आवाज लहान. अठराव्या शतकात नाटकगृहं वाढली, वाद्यवृंद वाढले. हेंडेलनं लंडनमध्ये १७२४ साली ‘जुलिओ चेझारे’ या ऑपेरात क्लिओपात्राच्या मोहिनीच्या प्रवेशात रंगमंचावरच एक छोटा वाद्यमेळ बसवला, त्यात थिऑर्बो होता. पण तिथं तो खास प्रसंगाचा रंग म्हणून आला आहे, रोजचा सोबती म्हणून नव्हे. पुढे पुढे संगीतकार मधले सगळे स्वर व्हायोलिन-व्हिओलांना वाटून, नीट लिहून देऊ लागले. वादकानं भरायला जागाच उरली नाही. शतकाच्या उत्तरार्धात थिऑर्बो शिकायला कुणी येईना, आणि मग शिकवणारेही संपले. घराणं संपतं तेव्हा असंच संपतं, कुणी जाहीर करत नाही.

लाकडाचं काय झालं? व्हर्सायमध्ये बातों नावाचा एक कारागीर होता. फ्रेंच उमरावांना त्या काळी मेंढपाळ-मेंढपाळ खेळायची लहर आली होती आणि त्यासाठी व्हिएल हे खेडवळ वाद्य हवं असे. हातानं चक्र फिरवून वाजवायचं. बातोंनं आधी जुन्या गिटारींच्या पोटांचे आणि १७२०च्या सुमारास ल्यूट-थिऑर्बोंच्या पोटांचे व्हिएल करून विकायला सुरुवात केली. धंदा जोरात चालला. राजाच्या महालात वाजलेल्या किती वाद्यांच्या माना अशा कापल्या गेल्या असतील, कोण सांगणार. पीप्सच्या ल्यूटला जे लाभलं त्याच्या बरोबर उलटं.

विसाव्या शतकात जुन्या ऑपेरांची पुन्हा आठवण झाली, तेव्हा आधी वाद्यं बदलून घेतली गेली. पॅरिसमध्ये व्हँसाँ दँदीनं १९०४ साली ‘ओर्फेओ’ केला, मिलानच्या ला स्काला रंगमंदिरासाठी रेस्पिगीनं १९३५ साली केला. दोघांनीही आपल्या काळच्या वाद्यवृंदाला जमेल असा. वाईट हेतू नव्हता, पण खर्जाच्या ओळीवर व्हायोलिनचं पांघरूण घातल्यावर शब्द पुन्हा झाकले गेले. जुनी वाद्यं स्वतः घडवणारा अरनॉल्ड डोलमेच लंडनमध्ये १८९०च्या दशकापासून एकट्यानं धडपडत होता, त्याच्याकडे लोक जरा विक्षिप्त म्हणूनच पाहत. १९५४ मध्ये व्हिएन्नात पाउल हिंडेमिटनं जुन्या वाद्यांवर ‘ओर्फेओ’ उभा केला. त्यात तरुण निकोलाउस हार्नोनकोर्ट वाजवत होता. पुढे १९६८ साली त्यानं आपल्या वाद्यवृंदाबरोबर या ऑपेराचं जे ध्वनिमुद्रण केलं, त्यानं अनेकांचे कान बदलले.

वाद्य पुन्हा घडवणं त्या मानानं सोपं होतं. संग्रहालयांत काही नमुने शाबूत होते, मापं घेता येत होती. कितारोने म्हणजे काय आणि थिऑर्बो म्हणजे काय, हा नावांचा गुंता रॉबर्ट स्पेन्सर या इंग्लिश वादक-संग्राहकानं १९७६ सालच्या एका लेखात बराचसा सोडवला. खरा प्रश्न पुढचा होता. खर्जाची ओळ समोर आहे, वाद्य मांडीवर आहे, आता वाजवायचं काय? सुरुवातीचे बरेच वादक गिटारवरून आलेले. ज्याला शिष्य म्हणता येईल असा कुणी नाही, कारण दोनशे वर्षांत गुरूच नाही. आपल्याकडे एखाद्या घराण्याची चीज लुप्त झाली तरी गायकीचा धागा कुठंतरी असतो. इथं धागाच तुटलेला.

मग त्यांनी कागदांतून गुरू शोधला. पॅरिसमध्ये छापलेली शिकवणीची पुस्तकं निघाली: फ्लरीचं १६६० सालचं, बार्तोलोत्ती या पॅरिसवासी इटालियन वादकाचं १६६९ सालचं, देलेरचं १६९०चं. बार्तोलोत्तीचं पुस्तक म्हणजे खर्जाचा स्वर असा हलला तर बोटं अशी ठेवा, असे शेकडो छोटे धडे. आणि त्याहून मोलाची गोष्ट काप्सबर्गरकडे सापडली. १६१० साली त्यानं साध्या गाण्यांचं एक पुस्तक छापलं, त्यात खर्जाबरोबर कितारोनेची साथ तारा-पडद्यांच्या लिपीत स्वरास्वरानं लिहून दिली आहे. जे कधीच लिहीत नसत, ते हौशी लोकांसाठी त्यानं लिहिलं. आणि ती साथ पाहून आजच्या वादकांना थोडा धक्काच बसला, कारण ती फार थोडी आहे. कॉर्ड साधे, नियम सैल. मधले स्वर कधी उडी मारतात, कधी एखादा गळतोच. वाद्याला जे सहज येतं ते, गायकाला आधार पुरेल इतकंच. नायजेल नॉर्थ या इंग्लिश वादकानं १९८७ मध्ये थिऑर्बो-साथीचं जे पुस्तक लिहिलं, ते अशाच जुन्या कागदांवर उभं आहे. बाझल शहरातल्या १९३३ साली स्थापन झालेल्या स्कोला कांतोरुमसारख्या शाळांतून आता पुन्हा गुरूकडून शिष्याकडे असा हा वारसा जाऊ लागला आहे.

आज थिऑर्बो युरोपात दुर्मीळ राहिलेला नाही. जुन्या संगीताचा असा वाद्यमेळ क्वचितच सापडेल, ज्यात ती लांब मान दिसत नाही. वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून ती एकटीच वर डोकावते, आणि मागच्या रांगेतला प्रेक्षक शेजाऱ्याला विचारतो, हे काय आहे? क्रिस्तीना प्लुहार या ऑस्ट्रियन वादिकेनं २००० साली स्थापन केलेला लार्पेज्जाता हा वाद्यमेळ तर थिऑर्बोभोवतीच उभा आहे. त्यांनी काप्सबर्गरला हजारो घरांत पोचवलं, आणि सतराव्या शतकातल्या खर्जावर जॅझच्या कलाकारांनाही सोबत घेतलं. ऐकायला बहारीचं असतं. कधी कधी मात्र मला आगात्सारीच्या चिमण्या आठवतात.

वादकांमध्ये आपापसांत मतभेदही खूप आहेत. एक तंटा आकाराचा. विमानात नेता यावा, बोटं ताणावी लागू नयेत, म्हणून आज बरेच थिऑर्बो जुन्यांपेक्षा आखूड केले जातात. पण तारा खाली उतरवून बांधण्याची पद्धत तीच ठेवतात. त्यावर दुसरा पक्ष म्हणतो, की बारीक तार तुटत होती म्हणून ती उतरवली. जिथं ती तुटण्याचं कारणच नाही, तिथं उतरवायची कशाला? दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला पटतं. पण सहा फुटी पेटी घेऊन आगगाडीत चढण्याची पाळी माझ्यावर येत नाही, हेही खरं.

दुसरा तंटा नखांचा. पिच्चिनीनीनं १६२३ मध्ये उजव्या हाताची नखं वाढवून त्यांनी तार छेडायला सांगितलं आहे. ड्रेस्डेनचा विख्यात ल्यूटवादक व्हाइस यानंही १७२३ सालच्या एका पत्रात लिहिलं, की थिऑर्बो बहुधा नखांनी वाजवतात, आणि जवळून ऐकला तर तो आवाज जरा खरखरीत लागतो. म्हणजे सुरुवातीला नखं आणि शेवटीही नखं. तरीही आज या वाद्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण नखं कापून, बोटांच्या मऊ टोकांनीच वाजवतात. ल्यूटवर तीच रीत आहे आणि बहुतेकांना दोन्ही वाद्यं वाजवायची असतात. काही जण हंगामापुरती नखं वाढवतात. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याशी हस्तांदोलन करायची संधी मिळाली, तर उजवा हात जरा निरखून पाहा. कोणत्या पक्षाचे, ते लगेच कळतं.